शेजारचा एकोणीस मजली टॉवर पाडणार आहेत. आमच्या सोसायटीने नेमके काय मागावे?

सातवा मजला (दादर पश्चिम)

नमस्कार. आमची इमारत १९७४ ची, तळमजला अधिक सात मजल्यांची असून गेल्या मोठ्या दुरुस्तीनंतर तिची प्रकृती बरी आहे, असे आमच्या ऑडिटरचे म्हणणे आहे. कुंपणाला लागून असलेल्या भूखंडावर १९८२ च्या सुमारास बांधलेला एकोणीस मजली टॉवर आहे. तो सी-१ (पालिकेच्या वर्गवारीत अतिधोकादायक, रिकामा करून पाडण्याजोगा) ठरला, रहिवासी बाहेर पडले आणि दिवाळीनंतर पाडकाम सुरू होईल, असे विकासकाच्या प्रतिनिधीने आमच्या समितीला कळवले आहे. दोन्ही इमारतींच्या भिंतींमध्ये जेमतेम नऊ मीटर अंतर आहे आणि त्या पट्ट्यात आमचे पार्किंग व जमिनीखालची पाण्याची टाकी आहे.

समितीने पाडकामाचा आराखडा मागितला, तेव्हा कंत्राटदाराने उत्तर दिले की, “बांधायला डिझाइन लागतं, तोडायला कसलं आलंय डिझाइन? वरून एकेक माळा तोडत खाली येणार.” काही सभासदांना हे पटले. काहींना नोएडाचे स्फोटकांनी पाडलेले जोड टॉवर आठवले आणि इथेही स्फोटके वापरणार की काय, अशी शंका त्यांनी काढली.

जाणकारांनी कृपया तीन गोष्टींवर लिहावे. मुंबईत इतकी उंच इमारत स्फोटकांनी पाडतात का? वरून तोडत येण्याच्या पद्धतीत स्ट्रक्चरल इंजिनीअरचे काम नेमके काय असते? आणि आमच्यापेक्षा आठ वर्षांनी तरुण इमारत सी-१ कशी ठरते? हा शेवटचा प्रश्न विचारण्याचे कारण असे की, आमच्या काही सभासदांना हा सगळा विकासकाचा डाव वाटतो आणि पुढची पाळी आपली, अशी कुजबुज सुरू झाली आहे.

गोखले रोडकर

माझे मत कदाचित कोणाला रुचणार नाही, पण स्फोटकांनी पाडले तर त्यात वाईट काय आहे? नोएडाचे दोन्ही टॉवर दहा सेकंदांच्या आत खाली आले. आमच्या गल्लीत बारा मजली इमारत पाडत होते, तेव्हा वर्षभर ब्रेकरची घरघर आणि खिडकीच्या जाळीत बोटभर धूळ, असे दिवस आम्ही काढले आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे काय हाल झाले ते सांगण्यासारखे नाही. एक दिवस सगळ्यांनी बाहेर जावे आणि संध्याकाळी मोकळ्या आकाशाखाली परत यावे, हे मला तरी बरे वाटते.

टेकू (स्ट्रक्चरल कन्सल्टंट)

गोखले रोडकर यांचा वैताग मला समजतो, म्हणून आधी त्यांच्या दहा सेकंदांचा हिशेब मांडतो.

नोएडाचे टॉवर पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी दिला आणि ते प्रत्यक्ष पडले २८ ऑगस्ट २०२२ रोजी. एक टॉवर सुमारे १०३ मीटर उंच होता आणि दुसरा सुमारे ९७ मीटर. मधल्या वर्षात त्यांच्या आतील भिंती काढल्या गेल्या, कॉलमना हजारो छिद्रे पाडली गेली, स्फोटके भरायच्या प्रत्येक कॉलमला जाळी आणि जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळले गेले, एप्रिलमध्ये चाचणी स्फोट घेऊन स्फोटकांचे प्रमाण पुन्हा ठरवले गेले आणि शेवटी सुमारे ३,७०० किलो स्फोटके भरली गेली. आजूबाजूच्या हजारो रहिवाशांना त्या दिवशी बाहेर काढावे लागले. खाली राहिला तो सुमारे ८०,००० टन मलबा, आणि तो फोडून हलवण्यासाठी पुन्हा तीच यंत्रे आणि तीच धूळ. सर्वात जवळची इमारत तिथेही सुमारे नऊ मीटरवर होती आणि ती वाचली, हे खरे. परंतु शेजारच्या वसाहतीच्या कुंपणाची सुमारे दहा मीटर भिंत पडली. दादरमध्ये त्या भिंतीच्या जागी आपले पार्किंग आहे, बेस्टच्या केबल आहेत, पालिकेची जलवाहिनी आहे आणि त्यापलीकडे कोणाची तरी शंभर वर्षांची भारवाहक भिंतींची चाळ आहे.

दुसरे असे की, स्फोटकांचे काम पुरते फसण्यापेक्षा अर्धवट होणे अधिक धोक्याचे असते. पुण्याच्या चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकांनी पाडायला घेतला, तेव्हा काँक्रीट फुटले, पण सळयांच्या जोरावर सांगाड्याचा काही भाग तसाच लोंबकळत राहिला आणि उरलेले काम पोकलेनने करावे लागले. तो पूल होता आणि पोकलेन दोन्ही बाजूंनी पोहोचू शकत होते. एकोणीस मजली इमारत अशी अर्ध्यात तिरकी उभी राहिली, तर तिच्याजवळ यंत्र कोण नेणार आणि माणूस कोण पाठवणार? त्यामुळे मुंबईच्या दाट वस्तीत वरून खाली, मजल्यामागून मजला, हीच रीत आहे आणि माझ्या मते ती योग्य आहे. केरळमधील मरडूच्या निवासी इमारती २०२० च्या जानेवारीत स्फोटकांनी पडल्या, पण त्या कोचीच्या बॅकवॉटरच्या काठी होत्या आणि एक-दोन बाजूंना मोकळे पाणी होते, हेही विसरू नये.

आता आपल्या कंत्राटदाराच्या उत्तराकडे येतो. इमारत उभी राहते ती भार कोणत्या वाटेने खाली जातो यावर: स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, कॉलमवरून पायात. मूळ डिझाइन करणाऱ्याने ही वाट पूर्ण इमारतीसाठी आखलेली असते. पाडताना मात्र रोज संध्याकाळी काम थांबते, तेव्हा तिथे एक वेगळीच, कोणीही डिझाइन न केलेली इमारत उभी असते आणि तिने ती रात्र काढायची असते. स्ट्रक्चरल इंजिनीअरचे काम म्हणजे अशा प्रत्येक अवस्थेत भाराची वाट शाबूत आहे का, हे आधी कागदावर आणि मग जागेवर पाहणे.

एक साधे गणित करून पाहा. निवासी इमारतीच्या स्लॅबचे डिझाइन करताना माणसे आणि सामानसुमान यांच्यासाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. फुटलेल्या काँक्रीटचा आणि विटांचा सैल ढीग घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरतो. म्हणजे स्लॅबवर फक्त एक फूट जाडीचा मलबा साचला, तर दर चौरस मीटरला साडेचारशे किलो झाले. धूळ बसावी म्हणून त्यावर पाणी मारले की त्याचे वजन आणखी वाढते. वर क्रेनने चढवलेला तीन ते पाच टनांचा छोटा पोकलेन, त्याच्या ब्रेकरचे हादरे, आणि खाली सळया गंजलेला, सी-१ ठरलेला स्लॅब. लादी, भिंती आणि सामान आधीच काढलेले असल्यामुळे स्लॅबला थोडा दिलासा मिळतो, पण तो पुरेसा नसतो. म्हणूनच यंत्र ज्या मजल्यावर आहे त्याच्या खालच्या दोन-तीन मजल्यांना टेकू लावावे लागतात, आणि ते एकाखाली एक, एकाच रेषेत यावे लागतात. वरचा टेकू खालच्या दोन टेकूंच्या मध्ये आला, तर तो खालच्या स्लॅबला आधार देण्याऐवजी त्यात भोसकला जातो. टेकू किती, कुठे आणि कोणत्या मजल्यापर्यंत, हे कंत्राटदाराच्या मुकादमाने नजरेने ठरवायचे नसते.

क्रमाचेही तसेच आहे. बाल्कनी आणि सज्जे आधी उतरवतात, कारण ते आतल्या स्लॅबच्या वजनाने तोलून धरलेले असतात. आतला स्लॅब आधी फोडला तर बाल्कनी बाहेरच्या बाहेर, म्हणजे आपल्या पार्किंगवर कोसळेल. त्यानंतर स्लॅब, दुय्यम बीम, मुख्य बीम आणि शेवटी कॉलम. बाहेरच्या रांगेतला कॉलम एकटा उभा ठेवून कामगार जेवायला गेले, असे दृश्य दिसले तर काम लगेच थांबवायला सांगा. तो कॉलम वायररोपने आतल्या बाजूला बांधून, बुडाशी आतल्या अंगाने कमकुवत करून, आतच पाडायचा असतो. लिफ्टचा गाळा आणि जिन्याच्या भिंती इमारतीला वाऱ्यात आणि भूकंपात आडवा आधार देतात, त्यामुळे त्या बाकीच्या मजल्यापेक्षा आधी उतरवायच्या नसतात. मलबा खाली सोडण्यासाठी लिफ्टचा गाळा वापरतात, त्याला हरकत नाही. पण खालून उपसा झाला नाही आणि गाळा दोन-तीन मजले भरत गेला, तर आतल्या ढिगाचा आडवा दाब गाळ्याच्या भिंती बाहेर फाकवतो.

धुळीसाठी इमारत वरपासून खालपर्यंत हिरव्या कापडाने किंवा ताडपत्रीने झाकावी आणि भूखंडाभोवती उंच पत्रे लावावेत, असे पालिकेचे ऑक्टोबर २०२३ पासूनचे नियम आहेत आणि ते हवेतच. परंतु मुंबईत डिझाइनसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात आणि परांचीला लावलेले ते ओले कापड शिडासारखा वारा धरते. परांची ज्या मजल्यांना बांधली होती ते मजले एकेक करून निघून जात असतात, हे लक्षात घेऊन तिचे बंध दर मजल्याला खाली आणावे लागतात. पावसाळा तोंडावर असताना काम अर्धवट राहिले, तर ही बाब सर्वात आधी तपासावी.

हे सारे सांगितल्यानंतर माझे खरे मत सांगतो. आपल्या इमारतीबाबत मला पाडकामापेक्षा त्यानंतरच्या खोदकामाची अधिक काळजी वाटते. नव्या टॉवरसाठी पार्किंगची दोन-तीन तळघरे खोदली जातील. आपल्याकडच्या किनाऱ्यालगतच्या बऱ्याच भागात वर भराव, खाली वाळू किंवा सागरी गाळ आणि मग मुरूम व खडक, असे थर मिळतात आणि पाणी फार वर असते. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पंप रात्रंदिवस चालतात, त्यामुळे आजूबाजूची पाण्याची पातळी खाली जाते आणि उथळ पायांवरच्या जुन्या इमारतीचा एक कोपरा हळूहळू खचतो. खड्ड्याच्या कडेचे पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) आणि त्यांचे आडवे आधार आतल्या बाजूला थोडे जरी झुकले, तरी त्याचा परिणाम नऊ मीटरवर दिसतो. पाडकामाचे संकट मोठा आवाज करते, त्यामुळे सगळे सावध असतात. हे संकट चार महिन्यांनी, दार घासू लागले की कळते.

म्हणून आजच, ब्रेकरचा पहिला ठोका पडण्याआधी, आपल्या इमारतीची सद्यःस्थिती नोंद करून घ्या. तिन्ही बाजूंच्या, म्हणजे आपल्या, विकासकाच्या आणि कंत्राटदाराच्या, सह्या तिच्यावर असाव्यात. प्रत्येक तडा फोटोत, शेजारी मोजपट्टी धरून. मोठ्या तड्यांवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घाला. तडा हलला तर काच तडकते आणि वाद उरत नाही. जमिनीखालची टाकी रात्री भरून झडपा बंद ठेवा आणि सकाळी पातळी किती उतरली ते नोंदवा. ही नोंद नसेल तर नंतरची गळती कोणाच्या माथी, हे ठरणार नाही. इमारतीच्या चार कोपऱ्यांवर लेव्हलच्या खुणा करून त्या खोदकाम पूर्ण होईपर्यंत दर आठवड्याला वाचायला लावा. हादऱ्यांसाठी कंपमापक बसवण्याची मागणी करा. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात शेजारच्या घरांसाठी, कमी वारंवारितेच्या हादऱ्यांना, सेकंदाला ५ मिलिमीटर ही मर्यादा आहे. ते सुरुंगांसाठी असले, तरी ब्रेकरच्या कामातही तोच आकडा धरून करारात लिहून घेता येतो.

दहिसर लॅब

टेकू साहेबांनी पाडकामावर पुरेसे लिहिले आहे, म्हणून मी तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. काँक्रीटच्या चाचण्या हेच माझे रोजचे काम आहे.

आठ वर्षांनी तरुण इमारत आधी थकणे मुंबईत मुळीच नवलाचे नाही. इमारतीचे वय आणि तिच्या काँक्रीटचे वय वेगवेगळे चालते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या सुरुवातीला सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि ते परवान्यावर मिळत असे; ते नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः उठले. त्या टंचाईत सिमेंटच्या गोण्यांत कुठे हात आखडला गेला, हे चाळीस वर्षांनी काँक्रीटचा गाभा (यंत्राने कापून काढलेला दंडगोल नमुना) काढला की दिसते. खाडीची रेती नीट न धुता वापरण्याचे प्रकारही त्या काळी सर्रास होत, आणि त्या रेतीतले क्षार काँक्रीटच्या पोटातूनच सळईवर काम सुरू करतात. त्यातच पिळाच्या टॉर सळयांचा तो काळ. थंड अवस्थेत पिळलेली ही सळई किनाऱ्यावरच्या हवेत गंजाला लवकर बळी पडते. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या कित्येक पट फुगते आणि वरचे काँक्रीट आतून ढकलून फोडते. आपण ज्याला पोपडे म्हणतो, ते बहुधा याच दाबाचे असतात.

चाचणी कशी दिसते तेही सांगतो. कॉलमचा एक कोपरा ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले की, निरोगी काँक्रीट क्षणात गर्द गुलाबी होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याची अल्कता संपवली आहे, ते काँक्रीट आपल्या राखाडी रंगावरच राहते. राखाडी पट्टा सळईच्या अलीकडे थांबला असेल, तर दुरुस्तीला वाव आहे. सळईच्या मागपर्यंत राखाडी आणि बऱ्याच आत गेल्यावर गुलाबी, असे तळमजल्याच्या कॉलमांत दिसले, तर कपाळाला आठी पडते. त्याच जागी अर्ध-घट विभवाचा (सळई गंजते आहे का, हे विजेच्या मापाने पाहणाऱ्या चाचणीचा) आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलेला असेल, तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली असेल, तर त्या काँक्रीटची प्रत चांगली धरत नाहीत. गाभ्याचा दाब-चाचणीचा आकडा मग शेवटचे वाक्य लिहितो.

आता “विकासकाचा डाव” या शंकेबद्दल. ती सरसकट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इमारतीच्या ज्या कोपऱ्यात गच्चीची गळती वर्षानुवर्षे मुरते आहे, तिथलेच सहा नमुने घेऊन सगळी इमारत सी-१ ठरवलेले अहवाल मी पाहिले आहेत. उलट, बरे दिसणारे कॉलम निवडून सी-२बी, म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करण्याजोगी, असा शेरा दिलेलेही पाहिले आहेत. म्हणून अहवालाचा निष्कर्ष वाचण्याआधी त्यातला नकाशा पाहावा: चाचण्या कोणत्या मजल्यांवर, कोणत्या कॉलमांवर घेतल्या, तळमजल्याचे किती, टाकीखालचे किती आणि कोरड्या भागातले किती. नुसत्या रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या हातोड्याच्या) आकड्यांवर उभा केलेला निष्कर्ष तर मी मानतच नाही. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने कडक होतो आणि हॅमर फसतो, तेही बहुधा चांगल्याच्या बाजूने. दोन अहवाल परस्परविरोधी आले, तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे, ज्याला सगळे टॅक म्हणतात, प्रकरण जाते. शेजारच्या टॉवरचे तसे झाले होते का, हे आधी विचारा. तिथेच बरीचशी कुजबुज थांबेल.

आपल्या स्वतःच्या इमारतीबाबत सांगायचे तर ती तीस वर्षांची केव्हाच होऊन गेली. पालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार तीस वर्षांनंतर आणि पुढे दर दहा वर्षांनी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरचे प्रमाणपत्र लागते. सोसायटीच्या आदर्श उपविधींत तर तीस वर्षांवरील इमारतीला दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितले आहे. पुढची पाळी आपली येईल की नाही, हे ऑडिटनंतर काढलेल्या गिलाव्याखाली काय दिसले यावर ठरेल. शिवाय तळमजल्यावरच्या गाळ्यांत कोण काय फोडते, यावर लक्ष असू द्या. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जण गेले, ती शंभर वर्षांची नव्हती. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्यात आधाराच्या भागांना हात लागला होता.

गोखले रोडकर

३,७०० किलोचा हिशेब वाचून मी माझी सूचना मागे घेतो, धुळीची तक्रार मात्र नाही. जपानमध्ये इमारत खालून पाडत येतात, असे कुठेतरी वाचले होते. ते खरे आहे का? आणि खरे असेल, तर आपल्याकडे का नाही?

टेकू

खरे आहे. टोकियोत काजिमा कंपनीने २००८ च्या सुमारास आपल्याच मुख्यालयाच्या इमारती तळातून कॉलम कापत, जॅकवर पेलत, एकेक मजला खाली उतरवत पाडल्या. सगळे तोडकाम जमिनीच्या पातळीला होत असल्याने धूळ आणि आवाज तिथेच कोंडता येतो. तिथल्याच सुमारे १४० मीटर उंचीच्या आकासाका प्रिन्स हॉटेलवर तायसेई कंपनीने उलटे केले: वरचे मजले झाकणासारखे बंदिस्त ठेवून त्यांच्या आत काम केले आणि ते झाकण जॅकने खाली खाली आणले. पण या पद्धती मुख्यतः पोलादी सांगाड्याच्या इमारतींवर विकसित झाल्या, जिथे कॉलम नेमका कापता येतो आणि त्याची ताकद कागदावरच्या आकड्याइतकी असते. आपला १९८२ चा आरसीसी कॉलम, त्यात दहिसर लॅबने सांगितलेले काँक्रीट, जॅकवर पेलून धरायला मी तयार होणार नाही. धुळीवर आपल्याकडे उपाय आहे तो वायरसॉचा: स्लॅब आणि बीम हिऱ्याच्या तारेने कापून तुकडे क्रेनने उतरवायचे. आवाज कमी, धूळ कमी, हादरे जवळजवळ नाहीतच. पैसे मात्र जास्त. आपल्या बाजूच्या नऊ मीटरच्या पट्ट्यापुरता तरी हा आग्रह धरता येईल.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्याकडे पाडकामाचे कंत्राट बहुधा उलट्या हिशेबाने दिले जाते; विकासक कंत्राटदाराला पैसे देत नाही, कंत्राटदारच सळया, दारे, खिडक्या आणि लिफ्ट यांच्या भंगाराच्या बदल्यात विकासकाला पैसे मोजतो. म्हणजे सळई जितकी लवकर बाहेर, तितका त्याचा फायदा. अशा माणसाला “टेकू अजून दोन मजले खाली न्या” असे सांगणारा, त्याच्या पगारावर नसलेला इंजिनीअर जागेवर असायला हवा. नव्या इमारतीचे कन्सल्टंट पाडकामाकडे सहसा पाहत नाहीत. त्यांचे काम रिकाम्या भूखंडापासून सुरू होते, असे ते मानतात.

आणि एक विनंती, ही आपल्यासाठी नाही तर टॉवरच्या मालकांसाठी. लंडनच्या रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीचा एक कोपरा १६ मे १९६८ रोजी गॅसच्या स्फोटाने वरपासून खालपर्यंत कोसळला होता. पुढे तिची डागडुजी झाली, लोक पुन्हा राहायला गेले, आणि १९८६ मध्ये ती पाडताना मुद्दाम मजला मजला उलगडून पाडली. तेव्हा सांध्यांमध्ये गच्च मसाल्याच्या जागी पोकळ्या आणि वर्तमानपत्राचे बोळे सापडले. शेजारच्या टॉवरचे कॉलम-बीमचे सांधे तोडताना कोणी फोटो काढून ठेवले, तर त्याच काळात, त्याच रेतीत बांधलेल्या मुंबईतल्या इतर टॉवरांना त्यांचा उपयोग होईल. आपल्याकडे हे कोणी करत नाही. आज जे पन्नास-साठ मजली टॉवर उभे राहत आहेत, त्यांतल्या अनेकांच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल आहेत आणि पोडियमवर ट्रान्सफर गर्डर (वरच्या कॉलमांचा भार दुसऱ्या जागच्या कॉलमांवर वळवणाऱ्या मोठ्या तुळया). ती केबल कुठून जाते हे न कळता कोणी ब्रेकर लावला, तर ती सुटताना काय करते ते पाहायला जवळ कोणी नसावे. त्यांचे प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे सोसायट्यांच्या कपाटात आहेत का, हे मी प्रत्येक ठिकाणी विचारतो.

सातवा मजला

सर्वांचे मनापासून आभार. वरील मुद्दे घालून आम्ही विकासकाला पत्र दिले. उत्तरादाखल दोन पानी कार्यपद्धती आली असून तिच्यात “खालच्या मजल्यांना आवश्यकतेनुसार टेकू दिले जातील” आणि “शेजारच्या मालमत्तेची योग्य ती काळजी घेतली जाईल” अशी वाक्ये आहेत. कंपमापक बसवायला ते तयार आहेत. टॉवरचे प्रकरण टॅककडे गेलेले नव्हते. एकच अहवाल होता आणि बहुसंख्य रहिवाशांना तो मान्य होता. या दोन पानांवर समाधान मानावे का?

टेकू

मानू नये. “आवश्यकतेनुसार” हा आकडा नाही. पत्रात असे मागा: पोकलेनचे प्रत्यक्ष वजन, तो ज्या स्लॅबवर उभा राहील त्याची आजची क्षमता, मलब्याच्या ढिगाची कमाल उंची, टेकूंचा मजलावार नकाशा, आपल्या बाजूच्या कॉलमांचा पाडण्याचा क्रम आणि या सगळ्यांवर पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही. आयएस ४१३० हे पाडकामाच्या सुरक्षेचे भारतीय मानक कधीचेच आहे. त्याचा उल्लेखही त्या दोन पानांत नसेल, तर तेही लिहा. कंपमापक बसवताना तो आपल्या तळमजल्यावर, टॉवरच्या बाजूच्या कॉलमजवळ बसवून घ्या आणि मर्यादा ओलांडली की काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे, हे नावासकट ठरवा. नुसती आकड्यांची वही भरत राहिली, तर तिचा उपयोग फक्त कोर्टात होतो.

माजी सचिव, मुलुंड

उशिरा लिहितो आहे, पण एक व्यवहाराची बाब राहून गेली असे वाटते. कंत्राटदाराच्या विमा पॉलिसीत त्रयस्थ पक्षाच्या नुकसानीचे कलम आहे का, त्याची रक्कम किती आणि ती खोदकाम संपेपर्यंत लागू आहे की फक्त पाडकामापुरती, हे पॉलिसीची प्रत घेऊन वाचा. प्रमाणपत्राचा एक कागद दाखवून बोळवण करू देऊ नका. आमच्याकडे पाडकामाची पॉलिसी मार्चमध्ये संपली आणि कंपाउंडची भिंत खचली जूनमध्ये, तोवर खड्डा दुसऱ्याच कंत्राटदाराकडे गेला होता आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत होते. पत्राची एक प्रत वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने खात्याला आणि एक इमारत प्रस्ताव खात्याला द्या, आणि दोन्हींवर पोच घ्या.